आईचा दिवस आणि घराचा दिनक्रम

(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामांतील मातांच्या सभेंत झालेलें भाषण)



ज्युबिलीच्या वर्षीं देवळाचा इतिहास सांगितला जातो. पाया कोणत्या सालीं घातला, घंटा कोणीं दिली, शाळा कोणाच्या खटपटीनें निघाली, हें सर्व अभिमानानें स्मरलें जातें आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या घरांच्या आधारावर देऊळ उभें राहतें, त्या घरांतला रोजचा दिवस कोण उभा करितें, हा प्रश्न अशा प्रसंगीं सहसा कोणी विचारीत नाहीं. सभेच्या चालकांनीं आम्हांस "कामांत गढलेल्या आईचा दिनक्रम" हा विषय दिला, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहों. विषय दिसण्यांत लहान आहे. पण मूल शाळेंत उपाशी जातें कीं खाऊन जातें, संध्याकाळीं घरांत चार शब्द गोड निघतात कीं नाहीं, आणि आई रात्रीं किती तास झोंपते, या लहान गोष्टींवरच घराचें आरोग्य व घराचें समाधान अवलंबून असतें.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दिनक्रमाविषयीं आईला उपदेश करणें फार सोपें आहे. लवकर ऊठ, यादी कर, वेळ वांचव, असें कोणीहि सांगावें. हा उपदेश ऐकून घरीं गेलेल्या आईच्या डोक्यावर जुन्या ओझ्यांत नवें ओझें तेवढें चढतें. आमचें म्हणणें निराळें आहे. दिनक्रम हा आईचा एकटीचा नसतो. तो घराचा असतो. तो बांधतांना पुढाकार आईनें घ्यावा, परंतु तो पेलावा सर्वांनीं. ज्या घरांत हें मान्य नाहीं, तेथें भिंतीवर कितीहि सुंदर वेळापत्रक लावलें तरी तें महिनाभर टिकत नाहीं. आणि टिकलेंच तर आईची झोंप व आईचें जेवण खर्ची घालून टिकतें.

हें आम्ही केवळ भावनेच्या भरांत बोलत नाहीं. भारत सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं लोकांचा दिवस कशांत जातो याची देशभर पाहणी केली. घरच्यांसाठीं विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटें, म्हणजे एका मिनिटानें कमी पांच तास घालवीत असल्याचें दिसलें. असें काम करणारे पुरुष ९७ मिनिटें. मुलांची व आजाऱ्यांची देखभाल यांत धरलेली नाहीं, ती निराळी. २०२४ सालीं पुन्हां पाहणी झाली, तेव्हां स्त्रियांचीं मिनिटें २८९ भरलीं आणि पुरुषांचीं ८८. म्हणजे पांच वर्षांत स्त्रियांचें काम १० मिनिटांनीं हलकें झालें. पण पुरुषांचेंहि ९ मिनिटांनीं उतरलें. बाईच्या हातांतून जें निसटलें तें पुरुषाच्या हातांत गेलें नाहीं, एवढें या आंकड्यांवरून उघड होतें. घरच्या दिनक्रमाचा विचार येथूनच सुरू केला पाहिजे.

आमच्या वसईकडे एके काळीं दिवसाला वळण बाहेरून मिळे. सकाळ, मध्यान्ह आणि संध्याकाळ अशी तीन वेळां देवळाची घंटा होई. वाडीला पाणी देण्याची वेळ ठरलेली असे. केळीं, भाजी व फुलें बाजाराला न्यावयाचीं तर पहाट चुकवून चालत नसे. पुष्कळ घरांत सासू, जाऊ, नणंद अशा चार बायका असत, आणि एकीच्या हातून सुटलेलें काम दुसरीच्या हातांत आपसूक पडे. त्या काळची आई कमी राबे, असें आम्ही म्हणत नाहीं. ती फार राबली. परंतु दिवस केव्हां सुरू व्हावयाचा आणि केव्हां थांबावयाचा, हें ठरविण्याचें निराळें काम तिच्यावर नव्हतें.

पुढें आगगाडी आली. विरारहून मुंबईची गाडी १८६७ सालीं सुरू झाली. १९३६ सालीं विरारपर्यंत विजेची गाडी धांवूं लागली. आणि हळूहळू या भागाचा दिवस गाडीच्या वेळांना बांधला गेला. स्त्रियाहि नोकरीसाठीं मोठ्या संख्येनें बाहेर पडल्या. इतक्या कीं १९९२ सालीं चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांची लोकल सुरू करण्यांत आली आणि १९९३ सालीं ती विरारपर्यंत वाढविली गेली. वसई रोडहून चर्चगेट सुमारें ५२ किलोमीटर. जाण्यायेण्यांत अडीच-तीन तास सहज जातात. घरापासून स्टेशनपर्यंतची रिक्षा किंवा बस त्याशिवाय. आतां एकाच घरांत बापाची पाळी एका वेळीं, आईची गाडी दुसऱ्या वेळीं, थोरल्याचें कॉलेज तिसऱ्या वेळीं, धाकटीची शाळा चौथ्या वेळीं आणि नळाचें पाणी त्याच्या स्वतःच्या मर्जीनें. घरांत घड्याळें पुष्कळ झालीं, पण घराचें असें एक घड्याळ उरलें नाहीं. हीं सगळीं घड्याळें जुळविण्याचें काम, कोणीं सोंपविलें नसतांहि, आईकडे आलें. रात्र थोडी आणि सोंगें फार अशी तिची गत झाली ती यामुळें. तिच्या आळसामुळें नव्हे.

जी आई नोकरीला जात नाहीं, जी वाडींत काम करते, बाजारांत टोपली घेऊन बसते, किंवा घरींच म्हाताऱ्या सासूसासऱ्यांची सेवा करते, तिची अवस्था याहून सोपी नाहीं. नोकरीला जाणाऱ्या बाईचें काम निदान एका वेळीं संपतें. घरच्या बाईला "तूं घरींच तर आहेस" असें म्हणून प्रत्येकानें आपलें एकेक काम हळूच सोंपविलेलें असतें. म्हणून पुढें आम्ही जें सांगणार आहों तें दोघींसाठीं आहे.

दिनक्रम म्हणजे काय, याविषयीं पुष्कळांचा गैरसमज असतो. पांच वाजून दहा मिनिटांनीं हें, पांच वाजून पंचवीस मिनिटांनीं तें, असें वेळापत्रक मांडलें तर पहिल्या दिवशीं मूल आजारी पडतें, दुसऱ्या दिवशीं गाडी उशिरा येते, आणि तिसऱ्या दिवशीं आई तो कागद फाडून टाकते. नाकापेक्षां मोती जड असा तो प्रकार होतो. चांगला दिनक्रम कपडे वाळत घालण्याच्या दोरीसारखा असावा. दोरी चार खुंट्यांना घट्ट बांधावी. दोन खुंट्यांच्या मध्यें ती थोडी लोंबली तरी बिघडत नाहीं. खुंटी मात्र हलतां कामा नये.

आमच्या मतें घराच्या दिवसाला चार खुंट्या पुरेत. पहिली, रात्रीं निजण्याची वेळ. दुसरी, सकाळीं उठण्याची वेळ. तिसरी, सर्वांनीं एकत्र बसून घेण्याचें एक जेवण. चौथी, उद्यांच्या तयारीची अर्धी घटका. बाकीचीं कामें या चारांच्या मध्यें मागें-पुढें झालीं तरी घर विस्कटत नाहीं. ज्या घरीं संध्याकाळची प्रार्थना होते, त्यांची तिसरी खुंटी आधींच ठोकलेली आहे. प्रार्थनेला लागूनच जेवण ठेवलें कीं काम झालें.

खुंट्या ठोकण्यापूर्वीं तीन दिवस कांहींहि न बदलतां केवळ टिपण ठेवावें. कागदाच्या एका बाजूस वेळ आणि दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष काय झालें तें. त्यांत आईचेंच नव्हे, घरांतील प्रत्येकाचें नांव असावें. दोन गोष्टी त्यांतून हटकून दिसतात. एक, सकाळची घाई बहुधा रात्रीं न केलेल्या चार-दोन लहान कामांतून जन्मते. दुसरी, आईच्या नांवाखालीं भराभर ओळी वाढत जातात आणि इतर नांवांखालीं कागद कोरा राहतो. हा कागद घरच्यांना दाखवावा. भांडणानें जें पटत नाहीं तें पुष्कळदां कागदानें पटतें.

आतां निजण्याच्या वेळेपासून आरंभ कां, तें सांगतों. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण वेळेलाहि लागू आहे, आणि आईच्या वेळेचें अंथरूण म्हणजे तिची झोंप. प्रौढ माणसाला रात्रीं निदान ७ तास झोंप पाहिजे, असें अमेरिकेंतील निद्रातज्ज्ञांनीं २०१५ सालीं एकमतानें सांगितलें. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि त्यापुढील किशोरांना ८ ते १० तास लागतात, असें त्यांनीं पुढील वर्षीं सांगितलें. आतां उलटा हिशेब करावा. साडेसातच्या सुमाराची गाडी धरणाऱ्या आईला पांचाला उठावें लागत असेल, तर तिनें दहाला निजलेंच पाहिजे. दहाला निजावयाचें तर साडेनवाच्या आंत ओटा आवरला पाहिजे. ओटा आवरावयाचा तर साडेआठाला जेवण झालें पाहिजे. म्हणजे जो मुलगा किंवा जो बाप साडेनवाला "वाढ" म्हणतो, तो आईच्या झोंपेंतला एक तास मागत असतो. हें त्याला ठाऊक नसतें, म्हणून रागावून नव्हे तर समजावून सांगावें. आणि ज्याला कामामुळें खरोखरीच उशीर होतो, त्यानें झांकून ठेवलेलें ताट आपल्या हातानें घ्यावें, जेवून तें धुऊन ठेवावें.

चौथी खुंटी उद्यांच्या तयारीची. अर्ध्या घटकेंत पुष्कळ होतें. कडधान्य भिजत घालणें, डबे व बाटल्या एका ठिकाणीं मांडणें, गणवेश व दप्तर दाराजवळ ठेवणें, रेल्वेचा पास आणि घराची किल्ली ठरलेल्या जागीं अडकविणें, उद्यांची भाजी ठरवून ठेवणें. मासळी आणली असेल तर त्याच संध्याकाळीं साफ करून मीठ-हळद लावून थंड जागीं ठेवावी. यांतलें एकहि काम कठीण नाहीं. पण हींच कामें पहाटे करावयाचीं म्हटलीं कीं प्रत्येकाला दुप्पट वेळ लागतो. कारण त्या वेळीं डोकें अर्धें झोंपेंत आणि अर्धें गाडींत असतें. आणि हीं कामें आईनेंच करावीं असा नियम कोठेंहि नाहीं. दप्तर ज्याचें त्यानें भरावें. बाटली ज्याची त्यानें भरावी.

नवी संवय लावतांना एक युक्ति उपयोगी पडते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनीं १९९९ सालीं एका लेखांत दाखवून दिलें कीं, "मी हें करीन" एवढाच निश्चय करण्यापेक्षां "अमुक झालें कीं मी हें करीन" असें ठरविल्यास काम पार पडण्याचा संभव बराच वाढतो. म्हणून नवें काम जुन्या कामाच्या पदराला बांधावें. रात्रींचें शेवटचें भांडें पुसलें कीं उद्यांचें कडधान्य भिजवावयाचें. चहा उकळत ठेवला कीं आपली औषधाची गोळी घ्यावयाची. मूल शाळेंतून आलें कीं डबा स्वतः मोरींत नेऊन ठेवील. घड्याळाकडे पाहून काम आठवावें लागत नाहीं. पहिलें कामच दुसऱ्याची आठवण देतें.

आणि संवय लागावयास किती दिवस लागतात? एकवीस दिवस, असें पुष्कळ जण सांगतात. त्यावर भिस्त ठेवूं नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी यांनीं ९६ जणांना खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी संवय बारा आठवडे रोज पाळावयास सांगितली. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत संवय अंगवळणीं पडण्याचा मधला काळ ६६ दिवसांचा निघाला. कोणाच्या बाबतींत तो १८ दिवसांचा होता, तर कोणाच्या बाबतींत हिशेबानें २५४ दिवसांपर्यंत गेला. यांतील सर्वांत धीर देणारी गोष्ट पुढें आहे: एखादा दिवस चुकला म्हणून संवय रुजण्यांत म्हणण्यासारखा खंड पडला नाहीं. म्हणून मातांनो, चार दिवस ठीक चाललेला क्रम पाचव्या दिवशीं मोडला तर "आमच्या घरीं हें जमावयाचेंच नाहीं" असा निकाल देऊं नका. सहाव्या दिवशीं पुन्हां त्याच खुंटीला दोरी बांधावी. दिनक्रम राखणें म्हणजे तो कधीं न मोडणें नव्हे. मोडला असतां परत येणें हेंच राखणें.

दिनक्रमाचा विषय निघाला म्हणजे मठांची आठवण होते. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्ट यांनीं आपल्या मठवासीयांसाठीं जी नियमावलि लिहिली, तींत प्रार्थना, हातांचें काम आणि वाचन यांना तास वांटून दिले आहेत. हे तास बाराहि महिने एकच नाहींत. ऋतु बदलला कीं तेहि बदलतात. दुबळ्यांना व आजाऱ्यांना झेंपेल एवढेंच काम द्यावें, अशी सोय तींत आहे. पण आज आम्हांस ज्या भागाकडे लक्ष वेधावयाचें आहे, तो स्वयंपाकघराचा. मठांत एकच माणूस जन्मभर चुलीपाशीं राहत नसे. बंधूंनीं आठवड्या-आठवड्यानें पाळी घेऊन एकमेकांस वाढावें, असा नियम होता. ज्याची पाळी संपे, त्यानें शनिवारीं पुसण्याचीं फडकीं धुवावीं आणि भांडीं स्वच्छ व धड परत द्यावीं, म्हणजे पुढच्याला काय मिळालें याचा हिशेब राहे. ज्यांना हें काम जड जाईल त्यांना मदतनीस द्यावा, म्हणजे तीं कामें खिन्न मनानें होणार नाहींत, हाहि विचार केलेला आहे. चौदा-पंधरा शतकांपूर्वीं पुरुषांच्या मठांत जें शक्य झालें, तें आज आमच्या चार माणसांच्या घरांत अशक्य कां असावें?

एका हातानें टाळी वाजत नाहीं. म्हणून कामें वांटतांना एक भेद नीट ध्यानांत घ्यावा. मदत निराळी आणि जबाबदारी निराळी. "सांग, काय करूं?" असें विचारणारा नवरा मदत करितो, पण काय करावयाचें, केव्हां करावयाचें, तें संपत आलें कीं नाहीं, ही काळजी आईच्याच डोक्यांत राहते. खरें ओझें हातांवर असतें त्याहून अधिक या आठवणींचें असतें. म्हणून प्रत्येकाकडे एखादें काम मुळापासून शेंड्यापर्यंत द्यावें. गॅसचा सिलिंडर केव्हां संपणार, नोंद केव्हां करावयाची, घरीं कोण थांबणार, हें सगळें बाबांचें. पाणी केव्हां येतें आणि पिंपें भरलीं कीं नाहीं, हें थोरल्याचें. वाळलेले कपडे घडी करून ज्याच्या त्याच्या जागीं ठेवणें, हें धाकटीचें. पहिल्या महिन्यांत घड्या वांकड्या पडतील, त्या वांकड्याच राहूं द्याव्या. आईनें त्या पुन्हां उलगडून घातल्या कीं काम परत आईकडे आलेंच समजावें. मुलगा आणि मुलगी असा भेद यांत करूं नये. ज्या मुलाला आज आपण भाकरी थापावयास शिकवूं, त्याच्या घरीं येणारी सून आपणांस दुवा देईल.

अमेरिकेंतील लिलियन गिलब्रेथ या बाईंचें नांव येथें घेण्याजोगें आहे. त्या १८७८ सालीं जन्मल्या आणि १९७२ सालीं वारल्या. कारखान्यांतील कामांत कोठें श्रम वायां जातात याचा त्या व त्यांचे पति अभ्यास करीत. त्यांना बारा मुलें झालीं. १९२४ सालीं पति अकस्मात् वारले. तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं, आणि तेंच शास्त्र पुढें स्वयंपाकघराला लावलें. ओट्याची उंची बाईच्या उंचीला जुळली पाहिजे, ज्या वस्तु एका कामाला लागतात त्या जवळ जवळ असल्या पाहिजेत, आणि फुकट पावलें वांचलीं पाहिजेत, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. आपणहि एका संध्याकाळीं हें करून पाहावें: चहाचें सगळें साहित्य एका हाताच्या अंतरावर, मसाल्याचा डबा चुलीच्या उजवीकडे, रोजचीं भांडीं कमरेच्या उंचीवर. परंतु लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, एवढ्या हुशार बाईंनींहि घर एकटीनें चालविलें नाहीं. त्यांच्या घरीं कामाला माणसें होतीं आणि मुलांनाहि कामें वांटून दिलेलीं असत. त्यांचें नांव घेऊन "बारा मुलें सांभाळून त्यांनीं सर्व केलें, मग तुला दोन कां जड जातात?" असें जर कोणी म्हणालें, तर त्याला ही गोष्ट पुरी सांगावी.

आतां एक नाजूक विषय. दिनक्रमांत आईचें स्वतःचें जेवण कोठें आहे? सर्वांना वाढून झाल्यावर जें उरेल तें उभ्या उभ्या खाणें ही आमच्याकडची जुनी रीत. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींच्या अंगांत रक्त कमी असल्याचें आढळलें. याचीं कारणें अनेक आहेत. पण शेवटीं, उरलेलें आणि घाईनें जेवण्याची रीत त्यावरचा उपाय खास नव्हे. म्हणून आईनें सर्वांबरोबर पानावर बसावें. वाढण्याचीं भांडीं मध्यें ठेवावीं आणि ज्याचें त्यानें घ्यावें. सकाळीं गाडीला निघण्यापूर्वीं तिनें बसून खावें. तिचा डबा सर्वांत आधीं भरावा, सर्वांत शेवटीं नव्हे. तसेंच दिवसांत पाव तास तरी असा असावा कीं ज्यांत तिच्याकडे कोणी कांहीं मागणार नाहीं. तो तिनें प्रार्थनेंत घालवावा, वाचनांत घालवावा, कीं नुसतें ओटीवर बसून राहावें, हा तिचा प्रश्न. मोबाईल मात्र त्या पाव तासाला लागूं देऊं नये. तो मागत कांहीं नाहीं आणि घेऊन सगळेंच जातो.

कांहीं दिवस असे येतात कीं कोणताच क्रम चालत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद पडल्या. हजारों माणसें कचेऱ्यांत, स्टेशनांत व रस्त्यांवर अडकलीं, आणि पुष्कळ आयांना रात्रभर आपलीं मुलें कोठें आहेत हें कळलें नाहीं. असा पाऊस नेहमीं पडत नाहीं. पण गाडी बंद पडण्याचे दिवस प्रत्येक पावसाळ्यांत येतात. म्हणून प्रत्येक घरीं एक लहानसा अडचणीचा क्रम ठरलेला असावा. आई पोहोंचली नाहीं तर मुलाला शाळेंतून कोण आणील? जादा किल्ली कोणत्या शेजाऱ्याकडे आहे? कोणता दूरध्वनि क्रमांक मुलाला तोंडपाठ आहे? घरांत शिजविण्यासारखें असें काय आहे कीं जें दहा वर्षांचें मूलहि मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीं करूं शकेल? हें पावसाच्या आधीं ठरवावें. आजारपणांत, परीक्षेच्या दिवसांत आणि सणाच्या आठवड्यांतहि चारांपैकीं दोनच खुंट्या, झोंप आणि जेवण, एवढ्या सांभाळल्या तरी पुष्कळ झालें.

येथें कोणी म्हणेल, "ज्या घरांत नवराच नाहीं, किंवा तो परदेशीं आहे, किंवा असून नसल्यासारखा आहे, तेथें काम वांटावें कोणाशीं?" हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला गोड बोलून उत्तर देतां येत नाहीं. विधवा आई, रात्रपाळीची परिचारिका, आजारी माणूस घरांत असलेली आई, यांचा दिवस त्यांच्या एकट्यांच्या बळावर उभा राहणें कठीण आहे. तो त्यांनीं एकट्यांनींच उभा करावा, अशी अपेक्षा करणें अन्यायाचें आहे. येथें शेजारधर्म लागतो. एका आळींतल्या तीन घरांनीं मुलांना शाळेंत पोहोंचविण्याचे दिवस वांटून घ्यावे. रात्रपाळी करून आलेल्या आईच्या दारावर सकाळीं दहाला थाप मारूं नये. तिची ती मध्यरात्र असते. आणि धर्मग्रामाच्या सभा, सराव व बैठका ठरवितांनाहि, आया केव्हां घरीं पोहोंचतात हें आधीं विचारावें. ज्युबिलीच्या वर्षीं एवढें झालें तरी तें स्मरणांत राहील.

शेवटीं रविवार. आठवड्याचें साठलेलें सगळें काम रविवारावर ढकलण्याची रीत मोडली पाहिजे. नाहींतर आईला सातवा दिवसच उरत नाहीं. मिस्सा आणि जेवण यांनंतर पाव तास सर्वांनीं एकत्र बसावें. पुढच्या आठवड्यांत कोणाची परीक्षा आहे, कोणाला उशीर होणार आहे, कोणाकडे लग्न आहे, आणि कोणतें काम कोणाला जड गेलें, एवढें बोलावें. लहान मुलांनाहि बोलूं द्यावें. मागच्या आठवड्यांत जमलें नाहीं त्याची उजळणी करीत बसूं नये. पुढें कसें करावयाचें तेवढें ठरवून उठावें.

मातांनो, थेंबें थेंबें तळें सांचतें. आज घरीं जाऊन चारहि खुंट्या ठोकूं नका. एकच निवडा, आमचा सल्ला विचाराल तर निजण्याच्या वेळेची. ती दोन महिने सांभाळा आणि मग दुसरीकडे वळा. आणि येथें बसलेल्या बंधूंना आमची विनंति आहे कीं, आजच्या रात्रीं "मी काय मदत करूं?" असें विचारूं नका, एक काम निवडा आणि "हें आजपासून माझें" एवढेंच सांगा. पुढच्या ज्युबिलीला जी स्मरणिका निघेल, ती आज लहान असलेलीं मुलें लिहितील. आपल्या आईविषयीं लिहितांना ती फार राबली एवढेंच त्यांना आठवूं नये. ती आमच्यांत बसून जेवली, हंसली आणि वेळेवर निजली, हेंहि त्यांना लिहितां यावें.